ख्रिसमस इन कनेक्टिकट (१९४५) : नवरा उसना, तान्हं उसनं, स्वयंपाकही उसना

सुगरण_नव्हे

युद्धकाळातला सिनेमा म्हटलं की रणगाडे, खंदक, दारात तार घेऊन उभा राहिलेला पोस्टमन असं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. या सिनेमातही सुरुवातीलाच एक अमेरिकन जहाज टॉर्पेडोने बुडतं. पण त्यानंतरची सगळी धावपळ कशासाठी, तर एका बाईचं लग्न झालंय, तिला मूल आहे आणि ती उत्तम स्वयंपाक करते असं सगळ्यांना वाटत राहावं म्हणून. तिन्ही गोष्टी धादांत खोट्या.

(पुढे सगळं कथानक फोडलं आहे. ऐंशी वर्षं जुन्या सिनेमाला तसा इशारा द्यायचा की नाही, यावर कुणीतरी वेगळा धागा काढा.)

एलिझाबेथ लेन (बार्बरा स्टॅनविक) 'स्मार्ट हाउसकीपिंग' नावाच्या मासिकात सदर लिहीत असते. कनेक्टिकटमधलं आपलं फार्म, अंगणभर पसरलेला बर्फ, शेकोटीत तडतडणारी लाकडं, प्रेमळ नवरा, गुटगुटीत बाळ आणि आजचा साग्रसंगीत बेत. घरोघरच्या बायका वाचून उसासे टाकतात. प्रत्यक्षात बाईसाहेब न्यूयॉर्कमधल्या फ्लॅटमध्ये टाइपरायटर बडवत बसलेल्या. खिडकीबाहेर दोऱ्यांवर वाळत घातलेले कपडे, आणि शेकोटीच्या जागी रेडिएटर. नवरा नाही, मूल नाही. पाककृती पुरवतात फेलिक्सकाका. हे हंगेरियन गृहस्थ रेस्टॉरंट चालवतात आणि हिच्या खाण्याचंही तेच बघतात. सदराच्या कमाईतून बाईंनी नुकताच मिंकचा कोट घेतलाय, तेवढा मात्र खरा.

इकडे जेफरसन जोन्स (डेनिस मॉर्गन) हा नौसैनिक जहाज बुडाल्यावर मित्राबरोबर अठरा दिवस तराफ्यावर काढतो. त्या हालात त्याला स्वप्न पडतं ते पंचपक्वान्नांच्या टेबलाचं! हॉस्पिटलात आणल्यावर बघतो तर उपासाने पोट नाजूक झालेलं, म्हणून याच्या पुढ्यात दूध, आणि शेजारच्या खाटेवर मित्र मस्त चापतोय. मित्र सल्ला देतो, नर्सला जरा मस्का लाव. हा लावतो. नर्सबाई थेट लग्नाच्या गोष्टी सुरू करतात. मग हा अंग काढून घ्यायला बघतो, की मला बापड्याला घरसंसाराची सवयच नाही. नर्स म्हणते, थांब, तुला खरंखुरं घर दाखवते. आणि मासिकाच्या मालकाला पत्र टाकते, की या शूर जवानाला एलिझाबेथ लेनच्या फार्मवर ख्रिसमसला बोलवा.

मालक यार्डली (सिडनी ग्रीनस्ट्रीट) म्हणजे आडवातिडवा माणूस, सत्याचा कट्टर भोक्ता, आणि आपल्या सदरलेखिकेचं खरं काय ते त्याला ठाऊक नाही. तो फर्मान काढतो की जवान येईल, आणि ख्रिसमसला मी एकटाच आहे तर मीही येतो. आली का पंचाईत! बाईंची नोकरी जाणार, त्यांना पाठीशी घालणाऱ्या संपादकाचीही जाणार. मग जॉन स्लोन नावाचा आर्किटेक्ट, जो कधीपासून 'माझ्याशी लग्न कर' म्हणून मागे लागलाय आणि ज्याचं कनेक्टिकटमध्ये खरोखर फार्म आहे, त्याला ती एकदाचा होकार देते. पाहुणे यायच्या आत गुपचूप लग्न उरकायचं ठरतं. न्यायाधीश येतात, उभे राहतात, तोंड उघडतात, आणि दारावर थाप. पाहुणा लवकर पोचलाय. दार उघडायला जाते एलिझाबेथ, आणि तो गणवेशातला देखणा जवान बघून तिथेच विरघळते.

माझं म्हणणं एवढंच, की या सिनेमातली खरी वासना पोटाची आहे. ऑगस्ट १९४५ मध्ये हा प्रदर्शित झाला, ज्या महिन्यात हिरोशिमा झालं त्याच महिन्यात. भर उन्हाळ्यात ख्रिसमसचा सिनेमा! समोरचा प्रेक्षक रेशनची कुपनं मोजून कंटाळलेला. त्याला नायक-नायिकेच्या चुंबनापेक्षा ते भरलेलं टेबल जास्त दिसलं असणार. एलिझाबेथ वाचकांना फसवते खरी, पण जे त्यांना ताटात मिळत नाही ते कागदावर वाढते. म्हणून मला तिचा राग येत नाही.

उणं काय? डेनिस मॉर्गन देखणा आहे, गातोही बरा, पण स्टॅनविकसमोर पुठ्ठ्याचा वाटतो. शेवटची वीस-पंचवीस मिनिटं नुसती पळापळ. दिग्दर्शक पीटर गॉडफ्रे काही फार मोठं नाव नाही, आणि ते कळतं.

कुणी पाहिलाय का?

टेंभुर्णीचा

छान लिहिलंय. पण आपल्याकडे 'अशी ही बनवाबनवी' असताना हे कनेक्टिकट कशाला? भाड्याच्या खोलीसाठी बायको उभी करणे यात आपण जगाला शिकवू शकतो.

फिल्लमबाज

बनवाबनवी १९८८ चा. त्याआधी हृषीकेश मुखर्जींचा 'बीवी और मकान' १९६६ चा. हा १९४५ चा. वयाचा मान राखा हो टेंभुर्णीकर. :)

पण गंमत वेगळीच आहे. बनवाबनवीत प्रेक्षकाला माहीत असतं की साडीत पुरुष आहे, म्हणून तिथे धोका फक्त पकडलं जाण्याचा. इथे धोका दुहेरी. त्या काळी हॉलिवूडवर हेज कोडचा, म्हणजे तिथल्या सेन्सॉरच्या नियमावलीचा, बडगा होता. लग्नसंस्थेचं पावित्र्य राखा, व्यभिचार आकर्षक दिसता कामा नये, नवराबायकोच्यासुद्धा खाटा वेगळ्या दाखवा असा सगळा मामला. आता या सिनेमात बघा. जवानाच्या समजुतीप्रमाणे समोरची बाई दुसऱ्याची बायको आणि एका लेकराची आई. आणि ती त्याच्याशी चांदण्यात फिरतेय, गोठ्यात गायीला धरून गप्पा मारतेय, नाचाच्या कार्यक्रमातून त्याच्याबरोबर सटकतेय. कोडच्या भाषेत हे घोर पाप. पण प्रेक्षकाला ठाऊक की बाई कुमारिका! त्यामुळे पाप घडतच नाही, पापाची मजा मात्र सगळी मिळते. सेन्सॉरच्या नाकावर टिच्चून केलेलं काम आहे हे.

आणि जोन्सचा चेहरा बघा त्या प्रसंगांत. त्याला ती आवडलीय, पण 'मिसेस स्लोन' म्हणताना जीभ अडखळते. तिला खरं सांगायचंय, पण सांगितलं तर नोकरी जाते. दोघंही सभ्य आणि दोघांचीही कुचंबणा. मॉर्गनला पुठ्ठा म्हणणं मला पटलं नाही. असल्या प्रसंगात नायक जास्त चलाख असता तर तो लंपट वाटला असता. बावळट सभ्यपणा हीच त्या भूमिकेची गरज आहे.

सुगरण_नव्हे

फिल्लमबाज, सेन्सॉरचा मुद्दा सुरेख. पुठ्ठा मात्र मागे घेत नाही. फार तर चांगल्या प्रतीचा पुठ्ठा म्हणते.

खमंग

रेशनिंगचा उल्लेख आलाच आहे तर थोडं अवांतर.

अमेरिकेत साखर १९४२ च्या मे महिन्यापासून रेशनवर होती. त्याच वर्षाच्या शेवटी कॉफी आली. १९४३ मध्ये डबाबंद पदार्थ, मग मटण, लोणी, चीज. लाल कुपनं मांस आणि लोण्याला, निळी डबाबंद मालाला. नुसते पैसे असून उपयोग नाही, वर पॉइंट मोजायचे. म्हणजे खिशात डॉलर आहेत, खाटकाच्या दुकानात मांसही टांगलंय, पण महिन्याचे पॉइंट संपले की बसा वांझोटे बघत. साखरेचं रेशन तर युद्ध संपल्यावरही १९४७ पर्यंत चाललं.

हे डोक्यात ठेवून फार्मवरचं स्वयंपाकघर बघा. कॅमेरा ज्या कौतुकाने पदार्थांवर फिरतो ते पाहून माझी खात्री आहे, की थिएटरात लोक मोठ्याने उसासे टाकत असणार. फार्म असल्याने घरची गाय, घरचं दूध. मुळात 'कनेक्टिकटचं फार्म' हे स्वप्न त्या काळात इतकं गोड का, याचं निम्मं उत्तर लोण्यात आहे.

माझा आवडता प्रसंग आयरिश स्ट्यूचा. स्लोनची घरकाम बघणारी नोरा आयरिश, फेलिक्सकाका हंगेरियन. ती आपलं रटारटा शिजवतेय, हे महाशय चव बघतात, नाक मुरडतात आणि वरून पाप्रिका घालतात. झालं, स्ट्यूचं गुलाश! एका म्यानात दोन तलवारी आणि एका ओट्याशी दोन स्वयंपाकी, निकाल एकच.

घारापुरी

सगळ्यांच्या आनंदावर विरजण घालतोय, माफ करा. अमेरिकेत लोण्याचे पॉइंट मोजत होते तेव्हा, १९४३ मध्ये, बंगालात वीस ते तीस लाख माणसं भुकेने आणि त्यामागून आलेल्या रोगांनी मेली. त्याच युद्धाचा तोही एक भाग. मुंबईत त्याच वर्षी रेशनिंग आलं. 'भुकेचा सिनेमा' म्हणून याचं कौतुक वाचताना घास अडकतो एवढंच.

दुसरं म्हणजे सिनेमाचा कावा बघा. १९४५ मध्ये जवान परत येऊ लागले होते. कारखान्यांत घुसलेल्या बायकांना पुन्हा चुलीपाशी पाठवायची तयारी सुरू होती. अशा वेळी सिनेमा काय सांगतो? की स्वतंत्र कमावती लेखिका एका गणवेशवाल्याला बघून पाघळते आणि लग्नाला तयार होते. गोड वेष्टणातलं औषध आहे हे.

सुगरण_नव्हे

घारापुरी, बंगालचं म्हणणं शिरसावंद्य. त्यावर वाद घालण्यासारखं माझ्याकडे काही नाही, आणि हा सिनेमा ते ओझं उचलतही नाही. त्याची भूक जहाजावरची, वॉर्डातली आणि न्यू इंग्लंडातली.

दुसऱ्या मुद्द्यावर मात्र भांडणार. बाई चुलीपाशी गेली असं कुठे दिसतं? शेवटपर्यंत तिला स्वयंपाक येत नाही आणि सिनेमा तिला तो शिकवतही नाही. धडा शिकून सुगृहिणी झालेली नायिका दाखवणं किती सोपं होतं. आपल्या कितीतरी सिनेमांत शेवटी नायिका डोक्यावर पदर घेऊन उभी राहतेच ना? इथे जोन्सला सगळं कळतं आणि त्याला काडीचा फरक पडत नाही.

आणि यार्डलीला ती जे सुनावते ते आठवा. लोकांच्या तालावर नाचून, कुणाशी लग्न कर नि काय लिही हे ऐकून मी कंटाळले, असा तो सूर आहे. १९४५ च्या हलक्याफुलक्या सिनेमात बाई मालकाच्या तोंडावर हे बोलते, आणि आपण तिच्या बाजूने असतो.

काकूबाई

मी कालच पाहिला. धाग्याच्या नावातल्या 'तान्हं उसनं' वर कुणी बोललंच नाही!

नोराकडे शेजारपाजारच्या बायका आपली बाळं सांभाळायला ठेवून जात असतात, कारण त्या आया युद्धसामग्रीच्या कारखान्यात कामाला. त्यातलंच एक बाळ 'एलिझाबेथचं' म्हणून पाहुण्यांपुढे. आता मूल म्हणजे काही फुलदाणी नाही. एक दिवस एका बाईचं असतं, दुसऱ्या दिवशी दुसरीचं. केसांचा रंग बदलतो, मुलगा होता त्याची मुलगी होते, आणि आईलाच माहीत नाही की आपल्याला झालंय काय!

त्यातला आंघोळीचा प्रसंग मी दोनदा मागे नेऊन पाहिला. जोन्स म्हणतो, बाळाची आंघोळ बघू का? एलिझाबेथच्या तोंडचं पाणी पळतं. ती हात मागे बांधून अशी उभी, की जणू समोर बाळ नाही, फणा काढलेला नाग आहे. मग तोच अस्तन्या वर करतो, पाणी किती गरम आहे ते बघतो, बाळाला धरतो, पुसतो, लंगोटाची पिन नीट लावतो. बहिणीची मुलं सांभाळलीत म्हणे. आणि ती बघत राहते. या सबंध सिनेमात मला ती त्याच्या प्रेमात पडलेली पटते ती इथे, दारात पाहिलं तेव्हा नाही. बाकी बायको म्हणून जे जे यायला हवं ते सगळं त्यालाच येतं! नौसैनिक घरकामात तरबेज, सदरलेखिका ठोंब्या. घारापुरी, हे तुमच्या 'चुलीपाशी पाठवण्या'त कुठे बसवणार?

आणि यार्डली! प्रतिस्पर्धी मासिकाच्या लेखिकेला बाळ होणार म्हणून त्यांचा खप वाढेल, तर तुम्हीही आणखी एक होऊ द्या, असं हा माणूस एलिझाबेथला सुचवतो. कसली लक्ष्यं नि कसलं काय! आमच्या ऑफिसातली मंडळी यापुढे सौम्य वाटायला लागली.

अटलांटिकपार

मी कनेक्टिकटमध्येच राहते, म्हणून या धाग्यावर हक्काने बोलते. :)

सिनेमातलं कनेक्टिकट म्हणजे बर्फ, घोड्याची घसरगाडी, टाउन हॉलमधला नाच. हे सगळं उभं केलं कॅलिफोर्नियात, वॉर्नर ब्रदर्सच्या स्टुडिओत. खऱ्या कनेक्टिकटमध्ये त्या काळी कारखान्यांचे भोंगे वाजत होते. ईस्ट हार्टफर्डला प्रॅट अँड व्हिटनीची विमानाची इंजिनं, ग्रॉटनला पाणबुड्या, स्ट्रॅटफर्डला कोर्सेअर लढाऊ विमानं, ब्रिजपोर्टला रेमिंग्टनची काडतुसं. न्यूयॉर्कच्या मासिकवाल्यांना जे शांत ग्रामीण स्वप्न वाटत होतं ते राज्य खरं तर दारूगोळ्याचं कोठार होतं.

आणि काकूबाई म्हणतात ती उसनी बाळं हीच त्या खऱ्या कनेक्टिकटची एकमेव खूण. आया पाळीवर गेल्यात म्हणून तर बाळं नोराकडे आहेत. लॅनम कायद्याच्या पैशातून १९४३ नंतर सरकारने देशभर पाळणाघरं चालवली, पण ती पुरी पडत नव्हती. मग शेजारीण, आजी, नोरासारखी कुणीतरी. युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये तो निधी बंदही झाला. सिनेमाला यातलं काही सांगायचं नसावं, त्याला फक्त विनोदासाठी बाळ हवं होतं. पण बाळ कुठून आणायचं याचं जे उत्तर लेखकांनी सहज दिलं, त्यात सबंध होम फ्रंट, म्हणजे युद्धकाळातली घरची आघाडी, आला.

अजून एक. एलिझाबेथचं पात्र ग्लॅडिस टेबरवरून सुचलं असं म्हणतात. त्या 'लेडीज होम जर्नल'मध्ये सदर लिहायच्या, आणि त्यांचं स्टिलमेडो नावाचं जुनं शेतघर इथेच साउथबरीला होतं. त्यांचं सगळं खरं होतं बरं का, घरही आणि स्वयंपाकही!

खमंग

म्हणजे त्यांच्याकडच्या कमलाबाई ओगले. 'रुचिरा' हातात धरून संसार थाटलेल्यांना विचारा, सदरातला वाटी-चमचा खोटा निघाला असता तर काय झालं असतं!

मीमराठवाडी

सगळं वाचलं, सिनेमा नाही बघितला. पण एक विचारतो, पॅनकेकचा काहीतरी प्रसंग आहे म्हणे? बायकोने कुठेतरी त्याची क्लिप पाहिली.

सुगरण_नव्हे

आहे की! यार्डलीने सदरात वाचलेलं असतं की एलिझाबेथ पॅनकेक हवेत उडवून उलटते. म्हणतो, मला बघायचंय. फेलिक्सकाका आधी तिच्याकडून सराव करून घेतात, आणि सरावात ते कुठे कुठे जाऊन पडतात ते विचारू नका. मग सगळ्यांसमोर शेगडीशी उभी राहते, डोळे घट्ट मिटते, झटका देते. आणि तो पठ्ठ्या बरोब्बर तव्यात उलटा! टाळ्या. तिच्या चेहऱ्यावर सगळ्यांत जास्त आश्चर्य.

स्टॅनविकचं मोठेपण इथे आहे. याच बाईने आदल्या वर्षी 'डबल इन्डेम्निटी'त नवऱ्याचा खून करवणारी थंड डोळ्यांची बया उभी केली होती. ब्रुकलिनची पोर, लहानपणीच आई गेलेली, बाप परागंदा, चाळिशीच्या आत हॉलिवूडची सर्वांत महागड्या नट्यांतली एक. तिला खोटं बोलणारी बाई करताना कधी कष्ट पडलेच नाहीत. इथे ती खोटं बोलताना भ्यायलेली आहे एवढाच फरक, आणि ती भीती फार लोभस दिसते.

फिल्लमबाज

ग्रीनस्ट्रीटबद्दलही बोला. साठी उलटल्यावर पहिला सिनेमा केला, 'द माल्टीज फाल्कन', १९४१. तिथून पुढे बहुतेक खलनायकीच. त्याच्या अंगावर चरबी असली तरी ती नेहमी धमकीसारखी वापरली गेली. इथे तीच ढेरी विनोदाला. शेवटी फेलिक्स त्याला कसा वळवतो आठवतंय? नोकरीवरून काढून टाकण्याच्या तावात असलेल्या माणसाला स्वयंपाकघरातून परतलेल्या किडनीचा वास येतो. पाय आपोआप तिकडे वळतात. पोटातून डोक्यात शिरणारा रस्ता.

अटलांटिकपार

फेलिक्सकाका झालेले एस. झेड. साकॉल. 'कॅसाब्लांका'तला वेटर कार्ल तेच. तो गुबगुबीत गालांचा माणूस बुडापेस्टचा ज्यू. बर्लिनमध्ये काम करत होता, नाझी आल्यावर तिथून निघावं लागलं, पुढे अमेरिका गाठली. मागे राहिलेल्या बहिणी छळछावण्यांत गेल्या. या सिनेमाचं संगीत फ्रेडरिक हॉलेंडरचं, तोही बर्लिनहून निसटलेला. अमेरिकन घर, अमेरिकन ख्रिसमस, अमेरिकन पॅनकेक, आणि त्यात ऊब भरणारी माणसं ही अशी. मोडक्यातोडक्या इंग्रजीत 'सगळं झकास' म्हणणारा तो फेलिक्स बघताना आता मला नुसतं हसू येत नाही.

घारापुरी

हे मला माहीत नव्हतं. अटलांटिकपार, धन्यवाद. ठीक आहे, बघतो सिनेमा. बघितल्याशिवाय वाद घालतोय असा आरोप कुणी करायच्या आत.

टेंभुर्णीचा

युद्ध आणि लग्न यावर अजून काही असेल तर सांगा. हलकंफुलकंच. रडारड नको.

फिल्लमबाज

'द मोअर द मेरिअर' (१९४३). वॉशिंग्टनमध्ये युद्धामुळे जागांची टंचाई. जीन आर्थर आपल्या फ्लॅटमधली अर्धी जागा भाड्याने देते, येतो एक खट्याळ म्हातारा, आणि तो आपल्या अर्ध्यातली अर्धी एका तरण्याबांड माणसाला देऊन टाकतो. म्हाताऱ्याच्या भूमिकेसाठी चार्ल्स कोबर्नला ऑस्कर मिळालं. मुंबईत पागडीच्या खोलीत राहिलेल्या कुणालाही हे पाहताना वेगळी समजूत घालावी लागत नाही.

आणि याच्या बरोब्बर उलटा हवा असेल तर 'आय वॉज अ मेल वॉर ब्राइड' (१९४९), हॉवर्ड हॉक्सचा. युद्ध नुकतंच संपलंय. कॅरी ग्रँट फ्रेंच कॅप्टन, ॲन शेरिडन अमेरिकन लष्करात लेफ्टनंट. लग्न खरं, अगदी रीतसर. पण जवानांच्या परदेशी बायकांना अमेरिकेत न्यायचा कायदा १९४५ मध्ये झाला तेव्हा तो 'वधूं'साठी असं सगळं गृहीत. छापील फॉर्मवर नवऱ्याला रकानाच नाही! मग कॅप्टनसाहेब कायद्याने वधू. बायकांच्या वसतिगृहात घेत नाहीत कारण पुरुष, पुरुषांच्या वसतिगृहात घेत नाहीत कारण जवानाची बायको. रात्रभर झोपायला जागा शोधत वणवण. कनेक्टिकटमध्ये लग्न नसून सगळे खरं मानतात, इथे लग्न असून एकही कारकून मानत नाही. सरकारी कचेरीत एकदा तरी खेटे घातलेल्या माणसाने चुकवू नये.

खमंग

कनेक्टिकटचा १९९२ मध्ये टीव्हीसाठी रिमेकही झाला. दिग्दर्शक कोण असेल ओळखा. अर्नॉल्ड श्वार्झनेगर! होय, तोच, दंडांचा. नायिका डायन कॅनन, आणि सदराऐवजी टीव्हीवरचा पाककलेचा कार्यक्रम. मी पाहायला घेतला होता. एवढंच म्हणेन की मूळ बघा.

मीमराठवाडी

तर काल रात्री बायको नि मी बघितला. मजा आली. पावणेदोन तासांच्या आत संपतो हे आणखी एक पुण्य.

लग्न लागता लागता राहण्याचं सत्र भारी आहे. न्यायाधीश बिचारा येतो-जातो, येतो-जातो. मधेच फेलिक्सकाका बोंब ठोकतात की बाळाने घड्याळ गिळलं! गिळलंबिळलं काही नाही, पोरीचं नको त्या माणसाशी लग्न होऊ नये म्हणून म्हाताऱ्याने मारलेली थाप. आमच्याकडे मांडवात असे मामा असते तर कितीजणांचं भलं झालं असतं. बायको शेजारीच बसलीये, त्यामुळे यावर जास्त लिहीत नाही.

घारापुरी

बघितला. चुलीपाशी पाठवण्याचा मुद्दा अर्धा सोडतो. अर्धाच. बाई शेवटी नोकरीचं काय करते ते सिनेमा नीट सांगत नाही, लग्नाचं मात्र लख्ख सांगतो. आंघोळीचा प्रसंग कबूल, उत्तम आहे. आणि खऱ्या आईने बाळ परत नेलं तर यार्डली 'अपहरण, अपहरण' करून पोलीस नि वर्तमानपत्रं गोळा करतो, तिथे मी मोठ्याने हसलो. बातमीचा वास आल्यावर मालकाचा सत्याग्रह कुठे जातो ते बघा.

पण माझी खरी तक्रार वेगळीच आहे. जॉन स्लोनचं काय? फार्म त्याचं. गाय त्याची. नोरा त्याची. नाताळचं झाड त्याच्या दिवाणखान्यात. त्याच्या घरात येऊन पाहुणे खातात, गातात, त्याच्या होणाऱ्या बायकोला घेऊन दुसऱ्याच्या घसरगाडीत बसतात आणि गाडी चोरल्याच्या आळाखाली रात्र कोठडीत काढून सकाळी परत येतात. आणि आपण सगळे पहिल्यापासून 'हा बोअर आहे, याच्याशी नको' म्हणून बसलोय. का? तर तो घराच्या बांधकामाबद्दल जरा जास्त बोलतो!

काकूबाई

घारापुरी, तो जरा जास्त नाही, फारच बोलतो. माझं माहेर सिव्हिल इंजिनियरांचं आहे, मला विचारा.

सुगरण_नव्हे

स्लोनच्या वाटचा न्याय असा, की सगळे गेल्यावर नोरा, गाय आणि उरलेलं गुलाश त्याच्याकडेच राहतं. यापेक्षा जास्त त्याला तरी काय हवं होतं?